रोग न आलेली गावं

माजलगाव, ६ जानेवारी २०२५

अंगद,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. तू रागात असताना आशीर्वाद दिला की तुला तो टोमणा वाटतो, हे मला तू चौथीत असल्यापासून माहीत आहे. तेव्हा नुसतं अंगद.

फोन तू उचलत नाहीस आणि संगीतालाही उचलू देत नाहीस. बायकोला कशाला आपल्या भांडणात ओढतोस, ते तुझं तुला ठाऊक. म्हणून हे पत्र पप्पूकडे देते आहे. आपला हा चुलतभाऊ बोकड घ्यायला गोदाकाठी गंगथडीला निघाला की तुझ्या मेंढ्या कुणाच्या शेतात बसल्यात याचा त्याला बरोबर वास येतो. म्हणाला, "आक्का, पत्र देतो म्या, पर त्यानं मला शिव्या घातल्या तर त्या तुज्या नावावर." घाल. मला चालतील.

भांडण काय होतं ते एकदा माझ्या बाजूनं मांडून ठेवते. परवाच्या साली दसऱ्याच्या तोंडावर आपल्या गावात लाळ-खुरकूत आला. जिभेला फोड, खुरात जखमा, बैल उभे राहीनात. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या वेळी निम्म्या गावाचे बैल दावणीला लंगडत होते. गीताबाईचं वासरू गेलं. पारावर बैठक बसली आणि विजयसिंह, ज्यांच्या शब्दावर आपली पंचायत उठते-बसते, ते म्हणाले, "रोग मेंढरांनी आनला. फिरतं जनावर हाय, कुठलं काय घिऊन यील." तू माझ्याकडे पाहिलंस. विजयसिंहांनीही माझ्याकडेच पाहिलं. "मॅडम, तुमी तर ह्या विषाणूंचंच गणित करता. सांगा, कुठून आला?"

मी म्हटलं, "हिशोब केल्याशिवाय सांगता येणार नाही."

तुला ऐकायचं होतं की रोग माझ्या भावाकडून नाही आला. पण ते मला ठाऊक नव्हतं. आज कुणी विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं, त्यामुळे माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू दुसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन निघून गेलास. गावानं ठरवलं, पुन्हा कुणाच्या शेतात आपल्या मेंढ्या बसवायच्या नाहीत. ज्या लेंडीखतावर बापजाद्यांचं घर चाललं, ते आता लोक ट्रॅक्टरनं बाहेरून आणतात.

मात्र विजयसिंहांनी एक शब्द दिला होता, तू तो ऐकायला थांबला नाहीस. "पुरावा आना. मेंढरं निर्दोष निघाली तर पहिल्यांदा माज्या शेतात बसवीन, आनाया मी सोता जाईन." रविराज डॉक्टरांनी बैठकीआधीच गोठ्यागोठ्यांतून जनावरांच्या फोडांचे नमुने घेतले होते, तुझ्या मेंढ्यांचेही. त्यांतल्या विषाणूंची अक्षरं प्रयोगशाळेत वाचून आता माझ्याकडे आली आहेत. म्हणजे हिशोब करता येईल. तू गावात परत येऊ शकतोस की नाही, ते आता त्या अक्षरांत आहे.

गावाकडे माय बरी आहे. तुझ्या वाटणीची बाजरी दळून ठेवते, पिठात अळ्या झाल्या की कोंबड्यांपुढे टाकते आणि पुन्हा दळते.

आक्का


माजलगाव, १९ जानेवारी

अंगद,

आज सकाळी धरणावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, काही पत्ता नाही. मी काठाला बसून विचार करत होते की तुला हा विषाणू कसा सांगावा. समोर असतास तर म्हणाला असतास, "आक्के, मला नगं शिकवू." म्हणून लिहितेय.

हा विषाणू म्हणजे आठ हजारांवर अक्षरांची एक लांब ओळ. गायीच्या जिभेतल्या एका पेशीत ती शिरते आणि तिथं स्वतःच्या नकला काढून घेते. बघता बघता हजारो. पण नक्कल काढणारा फार घाईत असतो आणि लिहिलेलं पुन्हा तपासायची त्याला सवय नाही. बहुतेक नकलांत एखादं अक्षर चुकतं. चुकलेल्या नकलेवरून पुढची नक्कल, तिच्यात आणखी एक चूक. पुष्कळ चुका जीवघेण्या असतात, त्या नकला तिथंच संपतात. बाकीच्या चालत राहतात. त्यामुळे आजारी गायीत विषाणू कधी एक नसतो. कळप असतो, सगळे एकमेकांसारखे आणि हुबेहूब कुणीच नाही. यातली मूळ ओळ कोणती असं विचारलं तर बोट दाखवायला जागा सापडत नाही. मधोमध ती उभी असेल असं वाटत राहतं, आणि तिथं बघावं तर धुकंच.

चुका फार झाल्या तर सगळा कळप विरून जातो. चुका झाल्याच नाहीत तर जनावराचं रक्त त्याला ओळखून संपवतं. तो या दोन्हींच्या मधल्या बांधावरून चालतो. माझं सगळं गणित त्या बांधाचं आहे. दुपारी वर्गावर अवकलन शिकवते आणि डोक्यात तो बांध चालू असतो. पोरं म्हणतात, मॅडम खिडकीतून बाहेर कुणाला बघतात.

आता आपल्या कामाचं. एका जनावरातून दुसऱ्यात जाताना कळपातले थोडेच पलीकडे पोचतात. नदीला पाणी असताना दोन-चार कोकरं पलीकडे जावीत आणि पुढचा सगळा कळप त्यांचाच वाढावा, तसं. त्या कोकरांच्या अंगावरच्या खुणा मग साऱ्या कळपाच्या होतात. तू कोकरांचे कान कातरून खूण करतोस ना, तसं समज. प्रत्येक गोठ्यातल्या विषाणूच्या कानाला मागच्या गोठ्याच्या खुणा असतात आणि वर एखादी नवी. कमी खुणा तिथं सुरुवात, जास्त खुणा तिथं शेवट.

पण आपल्या गावात गोठ्यागोठ्यांत दोन-तीन अक्षरांचाच फरक आहे. तेवढ्यावर कुणावर बोट ठेवलं तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला झालं. म्हणून मी संगणकात आपलं गाव मांडलं आहे. विजयसिंहांचा गोठा, बंकटकाकांचा, गीताबाईचा, जनावरं पाणी पितात तो हाळ, तुझ्या मेंढ्या. त्यात विषाणू सोडते. तो नकला काढतो, चुकतो, पलीकडे जातो. मग सगळं पुसून पुन्हा गाव मांडते. कधी रोग मेंढ्यांतून निघतो, कधी बैलांतून, कधी हाळावरून. ज्या गावांत शेवटी डॉक्टरांच्या नमुन्यांसारख्या खुणा उमटतात ती बाजूला ठेवते. अशी गावं पुष्कळ जमली की ती जे एकमुखानं सांगतील ते खरं धरायचं.

एक गंमत सांगते. काही गावांत रोग पहिल्या जनावरातच विरतो, पुढे जात नाही. गणिताला ती गावं बिनकामाची, टाकून द्यायची. मी मात्र तिथं थोडी रेंगाळते. त्या गावांत बैल गाड्या ओढत कारखान्याकडे गेलेले असतात. गीताबाईच्या वासराची गाय झालेली असते. आणि तू पारावर बसून पप्पूची टर उडवत असतोस. मी कुठल्या तरी घराच्या ओट्यावरून ते बघत असते. मग पुढचं गाव लावते.

आक्का


माजलगाव, ९ फेब्रुवारी

अंगद,

पप्पूनं तुझा निरोप आणला. "आक्काला म्हनावं, हिशोब जाळून टाक."

मी विचारलं, आणखी काही? "न्हाई. दोनदा वाचलं पत्र, घडी केली, टोपीत घातलं. मंग बोकडाचा भाव बी नीट केला न्हाई माझ्याशी." एवढा वेळ गप्प राहून तुझ्या तोंडून हे एक वाक्य निघालं. मला फार लागलं, ते लपवत नाही. आणि भीती वाटली. वाटलं, तुला आधीच ठाऊक आहे. रोग तुझ्याच मेंढ्यांतून आला आणि बहिणीनं ते चव्हाट्यावर मांडू नये म्हणून तू हे म्हणतोयस. पुढे बरेच दिवस मी संगणक उघडलाच नाही. कॉलेजातून आले की धरणाच्या भिंतीवर जाऊन बसायची. पाण्यावर पाखरांचे थवे उतरत. एक थवा उठला की त्याच्यातून दुसरा निघे, तिसरा निघे, आणि कोण कुठून निघालं ते कळेनासं होई.

शेवटी उघडला. तुझं ऐकायचं नाही ही आपल्या घरातली जुनी रीत आहे.

आता नीट वाच. तुझ्या मेंढ्या सगळ्यांच्या शेवटी आहेत. त्यांच्या विषाणूच्या कानाला गावातल्या सगळ्या गोठ्यांच्या खुणा आहेत आणि त्यांची खूण गावात दुसऱ्या कुठल्याच जनावरात नाही. त्यांनी रोग घेतला, दिला नाही. सुरुवात विजयसिंहांच्या नव्या गायीपासून आहे, ती लांबच्या बाजारातून आणलेली. त्याच बाजारातून दुसरीकडे गेलेल्या एका गायीचा नमुना डॉक्टरांकडे होता, तो तिच्याशी तंतोतंत जुळतो. मांडलेल्या गावांपैकी जवळपास सगळी हेच सांगतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले.

एक गोष्ट मात्र बसत नाही. विजयसिंहांचा गोठा वेशीपाशी. तिथून रोग थेट ओढ्यापलीकडे गीताबाईकडे गेला, मधली घरं सोडून. तिथून उलटा वर बंकटकाकांकडे. मग खाली मंजुळाबाईकडे. यांचा हाळ एक नाही, चराई एक नाही, बांधाला बांध नाही. रोग कुणाच्या तरी पायांनी घरं निवडत गेल्यासारखा गेला आहे. एवढं उलगडलं की कागद घेऊन विजयसिंहांकडे जाते. ते पहिल्यांदा हेच विचारतील.

आक्का


माजलगाव, १६ फेब्रुवारी

अंगद,

आज गावी जाऊन आले. माय अंगणात तूर पाखडत होती. मी सहज विचारलं, विजयसिंहांची ती नवी गाय आजारी पडली तेव्हा त्यांच्या गोठ्यात कोण गेलं होतं?

"म्याच गेलते की," माय म्हणाली. "गाय चारा खाईना म्हनून गडी धाडला व्हता तेंनी. आपली देवाऱ्यातली बिरोबाची घोंगडी टाकली तिच्या अंगावर, भंडारा लावला."

"मग?"

"मंग काय. विजयसिंगाच्या गोठ्यात घोंगडी गेली म्हनल्यावर समद्यायलाच पायजे झाली. गीताबाईची गाय व्यायला झालती. ती म्हनली, माय, माज्या गाईवर बी टाका, राखन व्हईल. मंग बंकटभाऊचे बैल, मंग मंजुळाबाई..."

ती नावं घेत गेली आणि मी खाली मातीत बघत राहिले. तोच क्रम होता. त्या गायीच्या तोंडाला तेव्हा लाळ सुटलेली असणार. लाळ लोकरीत मुरली, आणि लोकरीत हा विषाणू बरेच दिवस तग धरतो. माय तो मायेनं घरोघर घेऊन गेली, चांगल्या जनावरांच्या पाठीवर शिंगापासून शेपटीपर्यंत पसरत. कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, आणि देवाची वस्तू म्हणून कुणाकडून काही घ्यायचंही नाही. शेवटी घरी येऊन पावसात भिजलेल्या आपल्या कोकरांवर टाकली.

मग ती म्हणाली, "बैठकीच्या आदल्या राती अंगदला लई राग आलता. घोंगडी हिसकून घेतली माज्याकडून. त्या डॉक्टरनं गोठे धुवाया सांगितलं व्हतं तसलं सोड्याचं पानी केलं आन् त्यात बुचकळली. देवाची घोंगडी रे, म्या म्हनलं. तर म्हनला, आता कुनाला द्याची न्हाई. का म्हनून ते सांगंना."

म्हणजे तू ओळखलं होतंस. पारावर तू माझ्याकडे पाहिलंस ते 'बोल' म्हणून नव्हतं. 'गप्प राहा' म्हणून होतं. रोग कुठून आला याची चर्चा तिथंच मिटावी, मेंढ्यांवर बसली तर बसू दे, म्हणून तू दुसऱ्या दिवशी निघालास. दोषी माणूस निघतो तसा मुद्दाम निघालास, की कुणी पुढे विचारू नये. आणि मी तुझ्या पाठीमागे गणित घेऊन बसले.

एस.टी.त मला रडू आवरेना. शेजारची बाई विचारत होती, कुनी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणी तरी यायचं राहिलंय.

पण तुझ्यावर रागही आहे. झाकली मूठ म्हणून तू ठेवलीस आणि त्या मुठीत स्वतःलाच कोंडून घेतलंस. संगीतानं कुठवर पालात राहायचं? मायनं कुठवर बाजरी दळायची? विजयसिंहांना कागद द्यावा तर ते विचारणार, मग गावभर कसा गेला. उत्तर दिलं की माय तिच्याच माणसांत अपराधी होते. न द्यावा तर तू असाच फिरतोस. तू तुझ्यापुरतं ठरवून टाकलंस. माझं अजून ठरत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

धरणावर गेले नाही आज. घरात बसून गाव मांडलं. एक गाव असं मांडलं ज्यात घोंगडी घरीच राहते. रोग विजयसिंहांच्या गोठ्यात विझला. कितीदा मांडलं तरी विझतच राहिला. मग मी ते बंद केलं.

आक्का


सिरसाळा, ५ मार्च

अंगद,

तुझं ऐकलं नाही. मायला सांगितलं.

अंगणातच सांगितलं, दिवसाउजेडी. नकला, चुका, कानाच्या खुणा, सगळं. कानाच्या खुणांपाशी ती माझ्या पुढं गेली. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे माज्या हातानं."

"घोंगडीनं, माय."

"घोंगडी काय आपल्या पायानं गेलती का?"

मग गीताबाईच्या वासरासाठी रडली, तोंडावर पदर घेऊन. मी जवळ सरकले तर तिनं मला हातानं लांब ठेवलं. थोड्या वेळानं विचारलं, "अंगदला ठावं व्हतं?" मी हो म्हटलं. तेव्हा ती अशी चिडली की मी तिला तसं कधी पाहिलेलं नाही. "तुमी दोगांनी मला बारकं लेकरू केलं. माजं हाय ते मला पेलंल का न्हाई, हे तुमी कोन ठरिवनार? आन् त्यासाटी माजा ल्योक रानोमाळ." तिचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुझ्या वाट्याचंही बरंच ऐकलं, पण सगळं नाही. तिनं राखून ठेवलं आहे.

काल पारावर बैठक झाली. मी कागद मांडले. गाय त्यांची, हे ऐकून विजयसिंहांचा चेहरा पडला, पण माणूस शब्दाचा आहे. म्हणाले, "गाय माझी, कबूल. पर मॅडम, एका गायीवरनं गावभर कसं गेलं?" मी तोंड उघडायच्या आत माय उभी राहिली.

"म्या नेलं. घोंगडीतनं. मला ठावं नव्हतं, पर नेलं म्याच."

मंजुळाबाई तोंडाला हात लावून बसली. मला वाटलं, आता संपलं, आता ही बाई या गावात कुणाच्या दारात उभी राहू शकणार नाही. तेवढ्यात मागून गीताबाई उठली. तिचं वासरू गेलेलं, तिच्याकडे बघायचं माझं धाडस नव्हतं. ती सरळ मायपाशी आली आणि म्हणाली, "म्याच बलिवलं व्हतं तुमाला. तुमी कुठं आपून आलतात?" आणि मायचा हात धरून तिला खाली बसवलं, स्वतःच्या शेजारी. बंकटकाका बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाले, "मी बी गडी धाडला व्हता." विजयसिंह उठले. मेंढ्या पहिल्यांदा त्यांच्याच शेतात बसतील, असं बोलले, आणि तुला आणायला जातो म्हणाले.

"तुमी नगा," माय म्हणाली. "तुमाला बगून त्यो आनकी चार गावं पुढं जाईल." पारावर हसू फुटलं. रोग आल्यापासून त्या पारावर कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

आज आम्ही सिरसाळ्याच्या स्टँडवर आहोत. हे गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय म्हणून अक्षर असं; या वेळी पत्र मीच तुझ्या हातात देईन. पप्पू तिकिटं काढायला गेलाय, तो वाट दाखवायला बरोबर आहे. माय माझ्या कागदाकडे बघतेय. पहाटे उठून ती तयार होऊन बसली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, तुझे गुडघे धरतात, आधी पत्र धाडते, मेंढ्या घेऊन तोच येईल. ती म्हणाली, "तुज्या त्या हिशोबात अंगद कवा येनार हे लिवलंय का?"

मी म्हटलं, नाही माय, ते नाही सांगता येत त्यातून.

"मंग मीच जाते," ती म्हणाली, आणि पायात चपला घातल्या.

आक्का